डॉक्टर, तुम्ही आम्हाला थांबवलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर,

परवा दादाच्या लिव्हरच्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली. त्या दिवशी तुम्हाला फोन करायचं मनात होतं, पण ओपीडीबाहेर किती जण ताटकळत असतात ते मी पाहिलंय. शिवाय मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत आटोपणारं नाही. ज्या घरांत आज आमच्यासारखीच फाईल उघडली गेली असेल त्यांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ऑपरेशन केल्याबद्दल आभार मानायचेच आहेत. पण तुम्ही ते लगेच केलं नाहीत, त्याबद्दलचे आभार आधी.

दादाला हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हर खराब करणारा विषाणू, आहे हे आम्हाला बरीच वर्षं माहीत होतं. रक्तदान करायला गेला तेव्हा कळलं. त्या वेळी ज्यांना दाखवलं त्यांनी ‘तुम्ही नुसते कॅरियर आहात, विषाणू अंगात आहे एवढंच, काही करायचं नाही’ असं सांगितलं आणि आम्ही निर्धास्त घरी आलो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्या, असं कुणी म्हणालं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्याला ना कावीळ झाली, ना कधी पोटात दुखलं. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरची गाठ निघाली. मग तुमच्याकडे आलो. सीटी स्कॅनवर तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: औषध शिरेतून पोहोचताच गाठ आधी उजळते आणि थोड्या वेळाने भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हे चित्र असं स्पष्ट असेल तर तो लिव्हरचा कॅन्सरच, तुकडा काढून तपासावा लागत नाही, म्हणालात.

मी तेव्हाच म्हटलं होतं, ‘माझं लिव्हर घ्या.’ तुम्ही पेन खाली ठेवलंत. प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून मिलानचे निकष पाळतात, एकच गाठ असेल तर ती पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आतली, हे शांतपणे समजावलंत. दादाची गाठ त्या मापाच्या बाहेर होती. पण त्याचं लिव्हर अजून काम करत होतं, प्लेटलेट चांगले होते, एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या नव्हत्या. म्हणजे गाठीसकट उजवा भाग कापून काढता येण्यासारखा होता. एवढं सांगून तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘तुमचं रक्त मात्र तपासून घ्या. त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी. आई एकच ना तुमची?’

माझा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. त्याविषयी पुढे लिहिते.

त्या दिवशी तुम्ही रिपोर्टच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिव्हर काढलंत. उजवीकडचा मोठा भाग रेघा मारून काळा केलात, डावीकडे ३१ लिहिलंत आणि त्याभोवती गोल केलात. शंभरातलं एवढंच उरणार. निरोगी लिव्हर असतं तर चाललं असतं. दादाचं लिव्हर विषाणूने इतकी वर्षं पोखरलेलं, कडक झालेलं, त्याला चाळीसच्या आसपास तरी हवं. नाहीतर गाठ निघेल, पण उरलेलं लिव्हर संसार चालवू शकणार नाही. म्हणून आधी उजव्या भागाकडे जाणारी पोर्टल शीर सुईतून आत जाऊन बंद करायची, म्हणजे सगळं रक्त डावीकडे वळतं आणि तो भाग वाढू लागतो. त्याला पाच आठवडे लागतील.

पाच आठवडे! डॉक्टर, घरी गेल्यावर आम्ही तुमच्याविषयी काय काय बोललो ते आज कबूल करते. आत कॅन्सर वाढतोय आणि हे थांबा म्हणतात. एका नातेवाइकाने दुसऱ्या ठिकाणी लगेच तारीख मिळवूनही दिली होती. मी चिडून तुम्हाला फोन केला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही म्हणालात, ‘मला त्यांना टेबलावर घ्यायची घाई नाही, घरी पाठवायची आहे.’ आम्ही थांबलो ते त्या एका वाक्यावर.

त्या पाच आठवड्यांत दुसरंही काम झालं. विषाणूची गोळी तुम्ही पहिल्याच दिवशी सुरू केली होती. सात आकडी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, चार आकड्यांवर आला. ऑपरेशनच्या ताणात विषाणू पुन्हा उसळला तर उरलेल्या लिव्हरला तोही मार सोसावा लागतो, हे आम्हाला कुठून कळणार होतं? नवीन सीटी झाल्यावर तुम्ही तेच पाकीट मागितलंत. ३१ खाली ४१ लिहिलंत आणि मग तारीख दिलीत.

ऑपरेशन सात तास चाललं. लिव्हरकडे येणारं रक्त १५ मिनिटं दाबून धरायचं, ५ मिनिटं सोडायचं, पुन्हा दाबायचं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. प्रिंगल यांनी ही युक्ती १९०८ साली मांडली आणि ती अजून वापरतात, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. पण खरे दिवस त्यानंतरचे. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ४.२. दादाचे डोळे पिवळे, पोट थोडं फुगलेलं, बोलणं तुटक. तुम्ही दिवसातून तीनदा यायचात आणि दर वेळी त्याला हात पुढे करून पंजे ताठ धरायला लावायचात. हात थरथरतात का ते बघता, हे सिस्टरांनी मला सांगितलं. लिव्हर मागे पडू लागलं की ते आधी तिथे दिसतं. तुमचं सगळं लक्ष पाचव्या दिवसावर होतं. त्या दिवशी बिलिरुबिन तीनच्या वर आणि रक्त गोठण्याची क्षमता निम्म्याखाली, असं दोन्ही एकत्र आलं तर धोका फार वाढतो. पाचव्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला: २.६. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात आणि काही न बोलता खुर्चीवर बसलात. तुम्हाला वॉर्डात बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला फक्त ‘सगळं निघालं’ एवढं ऐकायचं होतं. तुम्ही ते सांगितलंत, कापाच्या कडा स्वच्छ आहेत, तिथे कॅन्सर नाही म्हणालात, आणि मग दार लावून घेतलंत. गाठ काढली, पण जिच्यात ती उगवली ती जमीन आतच आहे. पाच वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांत गाठ पुन्हा दिसते. पहिल्या दोन वर्षांत आली तर बहुधा जुन्या गाठीच्या सुटलेल्या पेशींची, त्यानंतरची बऱ्याचदा नवीनच, विषाणूने खराब केलेल्या लिव्हरमधली. गोळीचा उपयोग या दुसऱ्या प्रकारात जास्त होतो, म्हणून ती एक दिवसही चुकवायची नाही. आणि नीट निवडून ऑपरेशन केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही असतात, हेही तुम्ही त्याच बोलण्यात सांगितलंत. वहिनी त्या दिवशी खूप रडली. मला तुमचा रागच आला होता, आनंदाच्या दिवशी हे कशाला, म्हणून.

पण त्यामुळेच दादा चुकला नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांना हिपॅटायटिस सी होता. त्यांची गोळ्यांची १२ आठवड्यांची भाषा ऐकून दादाने विचारलं होतं, मला का नाही तसं? सी विषाणू अशा गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांच्या शरीरातून कायमचा जातो, बी मात्र पेशीच्या केंद्रात दडून बसतो, त्याला फक्त दाबून ठेवता येतं, असं तुम्ही त्याला सांगितलंत. आणि सी गेला तरी लिव्हर कडक झालेलं असेल तर काकांचीही सोनोग्राफी थांबणार नाही, हेही. तेव्हापासून रात्री नऊचा गजर वाजला की दादा हातातलं काम सोडून उठतो. तपासणीची तारीख त्याने एकदाही पुढे ढकलली नाही.

तिसऱ्या वर्षी गाठ आलीच. दीड सेंटिमीटरची, जुन्या कापापासून दूर. आम्ही कोसळलो नाही, कारण ती येऊ शकते हे आम्हाला माहीत होतं आणि ती बारीक असतानाच सापडली होती. सुई घालून जाळली, तिसऱ्या दिवशी दादा घरी. डिस्चार्जच्या वेळी तुम्ही फक्त गोड बोलला असतात, तर त्या तपासणीला आम्ही गेलो असतो का, हा विचार मी अनेकदा केला आहे.

आता माझं. माझा व्हायरल लोड जास्त निघाला, घरात सख्ख्या भावाला कॅन्सर, म्हणून तुमच्या लिव्हरतज्ज्ञ सहकाऱ्यांनी मलाही गोळी सुरू केली. मुलं तपासली, दोघंही निगेटिव्ह, जन्मल्यावर घेतलेल्या लसीने त्यांना वाचवलं. मी त्यांचे रिपोर्ट हातात घेऊन तुमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर किती वेळ बसले होते, ते तुम्हाला माहीत नाही. आईला तर कधी कळलंच नाही की तिच्यात काय होतं आणि तिच्याकडून आमच्यात काय आलं.

पोर्टल शीर बंद करणारे डॉक्टर, भूल देणाऱ्या मॅडम, आयसीयूतल्या सिस्टर, या सगळ्यांना हे पत्र वाचून दाखवा, एवढी विनंती.

पुढच्या महिन्यात दादाची आणि माझी सोनोग्राफी एकाच दिवशी आहे. माझी ही दहावी. ते पाकीट अजून दादाच्या फाईलमध्ये पहिलंच लावलेलं आहे, शाई जरा फिकी झालीय, पण ३१ आणि ४१ दोन्ही वाचता येतात. येताना घेऊन येते.

तुमची ऋणी,
एका पेशंटची धाकटी बहीण, आणि तुमच्यामुळे वेळेत कळलेली एक पेशंट