जपानच्या सायकल शर्यतीचं नाव सांगून शंकरपटावर सट्टा नको

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की जपानमध्ये सरकारच सायकल शर्यतीवर पैसे लावू देते, विदेशी खेळाडू तिथं येऊन खेळतात, मग आपल्या शंकरपटावरच्या (बैलजोड्यांच्या शर्यतीवरच्या) बोलीला, म्हणजे सट्ट्याला पण मान्यता द्या म्हणजे पटाला पैसा येईल. ते पत्र आमच्या गावात टपरीवर लय फिरलं, पोट्टे खुश झाले, म्हणून लिहितो.

जपानच्या त्या सायकल शर्यतीला केरिन म्हणतात, मी तिचे व्हिडिओ चार-पाच वर्षांपासून पाहतो, मला तो खेळ खरंच आवडते. १९४८ साली कोकुरा शहरात तो सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धात शहरं जळाली होती अन् नगरपालिकांना पैसा पाहिजे होता. आजही शर्यत भरवणार तर तिथल्या स्थानिक सरकारांनीच, खाजगी बुकीकडे पैसे लावले तर गुन्हा. अन् विदेशी खेळाडू तिथं कोणीही उठून जात नाही. आधी बोलावणं आलं पाहिजे, मग इझूच्या केरिन शाळेत नियम शिका, तिथलीच ठरलेली स्टीलची सायकल चालवा, शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासणी करून वसतिगृहात जा, मोबाईल जमा, शर्यती संपेपर्यंत घरी फोन नाही. ब्रिटनचा क्रिस हॉय २००५ मध्ये तिथं खेळला, नंतर २००८ अन् २०१२ ला ऑलिम्पिकमध्ये केरिनचं सोनं त्यानंच घेतलं. बाहेरच्याला जड जाते ती 'लाइन', एका भागातले जपानी खेळाडू एकमेकांच्या मागं लागून हवा कापतात, कोण कोणाच्या मागं राहणार हे पण आधी जाहीर होते, कारण तिकीट घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

एवढा बंदोबस्त काहून, तर खेळाडू विकला जाऊ नये म्हणून. आपल्या पटात धुरकऱ्याचा, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचा मोबाईल कोण जमा करणार? अन् बैलाचं काय? सायकलवाला नाही म्हणू शकते, बैल म्हणू शकत नाही. पैसा वाढला की बैलाला काठी अन् बॅटरीचा झटका आलाच. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या त्या जनावराच्या हालापायीच, डिसेंबर २०२१ मध्ये कुठं परवानगी मिळाली अन् २०२३ ला शर्यतीचा कायदा कोर्टात टिकला. त्यानंतर तळेगाव दशासरचा पट पाहायला गेलो तेव्हा माझ्या बापाच्या डोळ्यात पाणी होतं. तो पट आता पुन्हा घालवायचा काय?

जपानमध्ये शंभराची तिकिटं विकली तर साधारण पंचाहत्तर जिंकणाऱ्यांत वाटतात, पंचवीस भरवणाऱ्याकडे राहतात, म्हणजे लावणारे सगळे मिळून दर खेपेला पाव हिस्सा गमावतात. त्यांना सुद्धा २०१८ मध्ये जुगाराचं व्यसन आवरण्यासाठी कायदा करावा लागला. माझ्या चुलतभावानं दोन वर्षांआधी कापसाचे पैसे बोलीत लावले अन् घरी येऊन सांगितलं की व्यापाऱ्यानं चुकारा दिला नाही, वहिनीला खरं कळलं ते बियाण्याची उधारी मागायला माणूस दारात उभा राहिला तेव्हा.

बाहेरचे लोक यावे असं मलाही वाटते. मध्यप्रदेशातल्या जोड्या येतातच, त्यांची राहायची सोय करा, जनावरांचा डॉक्टर मैदानातच ठेवा, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावा, बक्षीस वर्गणीतून वाढवा. पण यंदाच्या पटात पहिली जोडी सुटायच्या आधी आयोजकांनी माइकवर सांगावं की बोली लावताना दिसला त्याला मैदानाबाहेर काढू, अन् खरंच काढावं.

आपला,
एक कास्तकार वाचक
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती