सूचनापेटी रिकामी का राहते?

महोदय,

नोकरभरतीच्या वेळी स्वभावाची लेखी चाचणी घेऊन कल्पक उमेदवार हेरण्याची पद्धत आता कारखान्यांतही रुजू लागली आहे. चाचणीला माझा विरोध नाही. मात्र निवडलेल्या माणसाला पुढे कोणते काम द्यावे आणि कोणत्या साहेबाच्या हाताखाली ठेवावे, याचा विचार तितक्या काळजीने होत नाही.

ओल्डहॅम आणि कमिंग्ज या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन कारखान्यांतील १७१ कर्मचारी होते. कोणी पेटंटयोग्य कल्पना मांडल्या, कर्मचाऱ्यांकडून सुधारणा मागवणाऱ्या सूचना योजनेत कोणी भर घातली आणि वरिष्ठांनी कोणाला कल्पक ठरवले, हे त्यांनी तपासले. कल्पक स्वभावाच्या माणसांकडून सर्वांत सरस काम झाले ते जिथे काम गुंतागुंतीचे होते आणि साहेब पाठीशी उभा राहणारा, पण ऊठसूट लगाम न खेचणारा होता, तिथे.

टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला याचे नवल वाटत नाही. टोयोटाने १९५१ मध्ये सुरू केलेल्या सूचना योजनेचे अनुकरण आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु उचलला गेला तो बहुधा सूचना लिहिण्याचा फॉर्म, आणि त्यासोबत आला दरमहा माणशी ठरलेला सूचनांचा कोटा. मग महिनाअखेरीस ‘येथे फलक लावावा’ अशा कायझेनचा (म्हणजे लहानसहान सुधारणांच्या सूचनांचा) पाऊस पडतो. फिक्स्चरचा (मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरून ठेवणाऱ्या साधनाचा) क्लॅम्प बदलला तर जॉब बसवण्याचा वेळ वाचेल, असे खरोखर सुचलेल्या ऑपरेटरला मात्र ‘सांगितलंय तेवढं कर’ असे उत्तर मिळते, तो पुन्हा बोलत नाही आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच्या नावापुढे ‘पुढाकार कमी’ असा शेरा पडतो. (शेरा मारणारे साहेब बहुतेक तेच असतात.)

सुपरवायझरचीही अडचण खरी आहे. शिफ्टचे टार्गेट त्याच्या डोक्यावर असते आणि प्रयोगात गेलेला तास त्याच्याच खाती पडतो, त्यामुळे केवळ प्रशिक्षण देऊन त्याची वागणूक बदलेल असे मला वाटत नाही. थ्रीएम कंपनीत तंत्रज्ञांना कामाच्या वेळेपैकी १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा आहे. आपल्या लहान कारखान्यांना तेवढे परवडणार नाही, हेही मान्य. तरीही व्यवस्थापनांनी कायझेनचा कोटा रद्द करावा, प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत कारणासह लेखी उत्तर द्यावे आणि सूचना करून पाहण्यात गेलेला मशीनचा वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वेगळा दाखवावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, चिंचवड