नव्या पोडियाट्रिस्टची पहिली नोकरी कुठे?

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत पोडियाट्रीची, म्हणजे पावलांच्या आजारांवरील उपचारांची ओळख करून दिलीत, याबद्दल मनापासून आभार. मात्र ‘मधुमेह वाढतो आहे, म्हणून मागणीही वाढणार’ एवढे सांगून लेख थांबला. यंदा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे तेवढ्याने भागत नाही. गेली 14 वर्षे हेच काम करते आहे, म्हणून हे पत्र.

काम भरपूर आहे, यात शंका नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगातील सुमारे 53.7 कोटी प्रौढांना मधुमेह होता. त्यांतल्या अनेकांच्या पावलांची संवेदना हळूहळू जाते. बुटातला खडा टोचत नाही, फोड फुटला तरी कळत नाही, आणि साध्या घट्ट्याखाली जखम वाढत राहते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. रुग्णांची बोटे आपोआप गळत नाहीत, वेदना न कळल्यामुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या दुखापतींनी ती जातात, असे त्यांनी दाखवून दिले. हीच समज पुढे मधुमेही पावलांच्या उपचारात आली. नव्या पोडियाट्रिस्टने ब्रँड यांचे काम जरूर समजून घ्यावे.

पण काम असले म्हणजे जागा असतेच असे नाही. कितीतरी रुग्णालयांत पोडियाट्रिस्टचे पदच नसते. रुग्णाचा पाय फिजिशियनकडून सर्जनकडे, तिथून ड्रेसिंगच्या टेबलावर असा फिरत राहतो आणि बोट काळे पडले की आमची आठवण होते. मग नवी मुले स्वतःचा दवाखाना थाटतात. रुतलेली नखे, कुरूप, टाचदुखी, इनसोल यांवर दवाखाना चालतोही, आणि या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. वाकता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नखे नीट कापून दिली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्यासाठी हा व्यवसाय करावा असे मला आजही वाटते. फक्त पहिल्याच वर्षी एकट्याने बसू नये.

हे मी अनुभवाने सांगते. पदवीनंतर तिसऱ्या महिन्यात मी एका दवाखान्यात एकटीच काम पाहत होते. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या जाड घट्ट्याची तक्रार घेऊन एक गृहस्थ आले. घट्टा तासला तर खाली जखम निघाली, आणि आत घातलेली शलाका टणक हाडाला टेकली. हाडात संसर्ग शिरल्याची ही खूण असू शकते, हे शिकले होते. पण फोन कोणाला करायचा, हे माहीत नव्हते. योग्य सर्जनपर्यंत पोचण्यात दोन दिवस गेले. त्यांचा पाय वाचला, अंगठा वाचला नाही. ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी हे विचारा: जखमांचे रुग्ण रोज पाहायला मिळतील का? टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे जखमेवरचा भार कमी करणारे, पायाला नेमके बसणारे प्लास्टर, घालायला कोण शिकवेल? रक्तवाहिन्यांचे सर्जन तिथेच आहेत का? अडले तर हाक कोणाला मारायची? या प्रश्नांना नीट उत्तरे मिळत असतील, तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या. दोन वर्षांनी खेळाडूंचे पाय, लहान मुलांची चाल, संधिवात, अध्यापन, स्वतंत्र दवाखाना, हवी ती वाट धरता येते.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. व्यवसायाचे नाव एकच असले तरी काम सगळीकडे सारखे नसते. अमेरिकेत पदवीनंतर 4 वर्षांचे पोडियाट्री महाविद्यालय आणि पुढे 3 वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, असते, आणि तिथले पोडियाट्रिस्ट पावलांच्या शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये हे पदवी-शिक्षण आहे. नोंदणी केल्याशिवाय तिथे हे नाव लावता येत नाही, आणि जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना 2013 पासून स्वतः औषधे लिहून देण्याची मुभा आहे. एका देशातली पदवी दुसरीकडे तशीच चालेल, असे गृहीत धरू नका.

शेवटी रुग्णालयांच्या व्यवस्थापनांबद्दल. पायाची जखम एकदा भरली म्हणजे संपले, असे होत नाही. जवळपास 40 टक्के रुग्णांना वर्षभरात पुन्हा जखम होते. त्यांची पावले नियमित तपासायला, बूट पाहायला, घट्टे वेळीच काढायला माणूस लागतो, आणि त्यासाठी शिकलेली मुले काम शोधत हिंडत आहेत. आपल्याकडे पोडियाट्रिस्टचे पद आहे का आणि नसेल तर का नाही, हे आपल्या प्रतिनिधींनी रुग्णालयांना विचारावे आणि मिळालेली उत्तरे पुरवणीच्या पुढच्या अंकात छापावीत, अशी आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक पोडियाट्रिस्ट वाचक