रविवारचा खाडा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी आई वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात एकोणीस वर्षं गर सोलते आहे. मजुरी किलोवर. टरफलाच्या तेलानं तिच्या बोटांची सालं निघतात. राख लावून, खोबरेल चोळून ती पुन्हा कामाला बसते. रविवारी कारखाना बंद असला की तिच्या वहीत त्या तारखेपुढे फुली पडते. साप्ताहिक सुट्टी म्हणतात, पण आमच्या घरात तिचं नाव खाडा. मार्च ते मे हंगामात रविवारीही बोलावणं येतं आणि बायका जातात. न गेल्यास त्या दिवसाची चूल कशावर पेटवायची?

साहेब, हा रविवार फुकट मिळालेला नाही. त्यासाठी झटले नारायण मेघाजी लोखंडे. ते ठाण्यात जन्मले. पुढे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत त्यांनी भांडारपालाची नोकरी केली आणि गिरणीतलं जगणं जवळून पाहिलं. ते महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० पासून त्यांनी मुंबईतून 'दीनबंधू' हे साप्ताहिक चालवलं. १८८४ मध्ये मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्याच वर्षी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, ठरल्या तारखेला पगार, कामावर जखमी झाल्यास भरपाई. यातली एकही मागणी आजही माझ्या आईसाठी जुनी झालेली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण आमच्या कारखान्यातली बाई आजही मुकादमासमोर मान वर करत नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेले.

त्या गिरण्यांत आमच्या कोकणातली माणसं किती होती हे तुम्हाला सांगायला नको. माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. रविवारी गावकरी मंडळाच्या खोलीत बैठक भरायची. आमच्या वाडीच्या देवळाची वर्गणी तिथेच गोळा झाली. सुट्टीचा दिवस होता म्हणून हे जमलं. आजोबांना मिळालेला तो दिवस त्यांच्या सुनेला मात्र परवडत नाही.

आमचं मागणं एवढंच. किलोवर काम करणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवसाची मजुरी मिळावी, तिच्या नावानं हजेरी पुस्तक असावं, आणि किती किलोचे किती पैसे हे लिहिलेली चिठ्ठी दर आठवड्याला हातात पडावी. हातमोजेही हवेत, पण ते गर सोलताना बोट चालेल असे. जाड मोजे दिले की बायका ते काढून ठेवतात, मग दोष त्यांच्यावर येतो.

तपासणीला अधिकारी पाठवणार असाल तर एप्रिलमध्ये पाठवा, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, आधी न कळवता. सोबत एखादी महिला अधिकारी असू द्या. आई मुकादमासमोर बोलणार नाही, पण तिच्याशी बोलेल.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातील एका काजू कामगार बाईची लेक