काकू, बेल-इम्पेरियाच्या वतीनेही थँक्यू

काकू, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाकू का" म्हणत आत निघून जाता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता पळा कुठे पळायचं ते.

बाकीच्यांसाठी सांगते, या काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, बँकेतून रिटायर झाल्यात, आणि नोकरी करता करता कितीतरी वर्षं राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं केलीत, म्हणजे स्टेजवर कमी आणि विंगेत जास्त, प्रॉम्प्टिंग आणि प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू). मी इंग्लिश घेऊन एम.ए. करतेय आणि मला टॉपिक आला होता रिव्हेंज ट्रॅजेडीतलं, म्हणजे सूडाच्या शोकांतिकांमधलं, वेड, प्रेम आणि बायका. नोट्स सगळ्या एकाच चालीच्या, बायका बिचाऱ्या सोसतात, वेड्या होतात, मरतात, आणि त्यांचं मरण पाहून पुरुषांचं रक्त खवळतं, झालं. मी थॉमस किडचं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' घेऊन तुमच्याकडे आले ते फक्त मोठ्याने वाचायला कोणीतरी सोबत हवं म्हणून, कारण ती सोळाव्या शतकातली इंग्लिश मनात वाचली की झोपच येते. आणि तुम्ही पहिल्याच संध्याकाळी म्हणालात, आधी प्रॉपर्टीची यादी काढ, कोणाच्या हातात काय येतं, कुठून येतं, पुढे कोणाकडे जातं, भाषणं नंतर बघू.

काकू, त्या यादीने माझा सगळा पेपरच फिरवला हो.

कारण हे नाटक म्हटलं की सगळ्यांना आठवतो हिएरोनिमो, स्पेनच्या दरबारातला न्यायाधीश, ज्याच्या मुलाला होरॅशिओला त्याच्याच बागेत लटकवून मारतात आणि मग तो वेडा होतो, थोडा खरा थोडा सोंग. पण यादी काय सांगते? स्कार्फ, तो स्पेनच्या राजाच्या पुतणीने, बेल-इम्पेरियाने, तिच्या प्रियकराला आंद्रेआला दिलेला, आंद्रेआ पोर्तुगालशी झालेल्या लढाईत तिथला राजपुत्र बाल्थझारच्या हातून मरतो, होरॅशिओ त्याच्या प्रेतावरून तो स्कार्फ काढून घेतो आणि ती म्हणते, राहू दे, आता तू घाल. मग ग्लोव्ह, तोही तिचाच, जाता जाता खाली पडतो आणि उचलतो होरॅशिओ. मग पत्र, होरॅशिओला मारणाऱ्यांत बाल्थझारसोबत तिचा भाऊ लोरेन्झोही असतो, तो तिला कोंडून ठेवतो तेव्हा शाई नाही म्हणून रक्ताने लिहिलेलं, छापील नाटकात तिथे बाजूला चक्क 'लाल शाई' अशी सूचना आहे, ती वाचून तुम्ही केवढ्या खूश झालात, म्हणालात बघ, चारशे वर्षांपूर्वीही कोणीतरी माझ्यासारखंच बाटली शोधत फिरत असणार. आणि शेवटी सुरा. तुम्ही यादीवर बोट ठेवून म्हणालात, "अगं, अर्धी प्रॉपर्टी हिच्याकडूनच निघते की, आणि नोट्समध्ये ही बिचारी?"

आणि प्रेमाचं बघा. आंद्रेआ गेल्यावर ती लगेच होरॅशिओवर प्रेम करायला लागते म्हणून कितीजण तिला उथळ ठरवून मोकळे होतात, पण ती स्वतःच बोलते की हे दुसरं प्रेम माझ्या सूडाला मदत करेल. म्हणजे प्रेम आणि सूड एकाच वाक्यात, आडपडदा नाही. मी म्हटलं म्हणजे तिने होरॅशिओला वापरलं, तुम्ही म्हणालात, सूडासाठी जवळ केला म्हणून आवडायचा थांबतो का माणूस? यावर आपलं अजून भांडण मिटलेलं नाही आणि मला ते मिटवायचंही नाही.

पण खरा संताप आला तो पत्रावर. ती जीव धोक्यात घालून खुन्यांची नावं लिहून पाठवते आणि हिएरोनिमोला वाटतं हा काहीतरी सापळा असेल, तो थांबतो. मग पेद्रिंगानो नावाचा नोकर, जो त्या खुनात सामील होता, फासावर जातो, त्याच्याजवळ सापडलेली चिठ्ठी फाशी देणारा आणून देतो, आणि ती वाचल्यावर साहेबांना पटतं की अरे, ती पोरगी खरं बोलत होती! एका बाईचं रक्ताने लिहिलेलं पत्र संशयास्पद आणि फासावर गेलेल्या गुन्हेगाराची चिठ्ठी म्हणजे पुरावा. १६१५ च्या छापील प्रतीवर एक चित्र आहे, त्यात ती हिएरोनिमोला हाका मारतेय आणि भाऊ लोरेन्झो तिला खेचत म्हणतोय हिचं तोंड बंद करा. तुम्हाला मोबाईलवर दाखवलं तेव्हा तुम्ही बराच वेळ झूम करून बघत होता.

वेडाबद्दल मात्र यादी लहान निघाली, आणि तिथेच मला माझा मुद्दा मिळाला. हिएरोनिमोच्या वेडाला स्टेज मिळतं, लोकांना ते इतकं आवडलं की १६०२ च्या आवृत्तीत त्याच्या वेडाचे आणखी सीन घातले. त्याची बायको इझाबेला, तिचा पण मुलगाच गेला ना, तिच्या हातात काय? औषधी पाला. या पाल्याने डोळे साफ होतात, याने डोकं, पण हृदय साफ करणारा पाला नाही म्हणते. आणि नंतर हत्यार, ज्याने ती जिथे पोराला लटकवलं ती बागच तोडून टाकते, नवऱ्याच्या दिरंगाईवर बोलते आणि मग स्वतःला मारते. तिचं वेड नाटकातलं कोणीच ऐकत नाही. तुम्ही मात्र विचारलंत, रोज प्रयोगाला झाड तोडायचं म्हणजे रोज नवीन झाड, खर्च कोण करणार. मी इतकी हसले की रडूच आलं.

आणि शेवटचं ते नाटकातलं नाटक, सूड उगवायला हिएरोनिमो दरबारात बसवतो ते, खुनीच त्यात नट! हिएरोनिमोने लिहिलेल्या कथेत त्याने तिच्यावर दया करून तिचं मरण काढून टाकलेलं असतं, त्याच्या हिशेबाने ती जगणार. ती बाल्थझारला खरा सुरा मारते, आणि मग स्क्रिप्ट सोडून स्वतःलाही. तुमच्यातली प्रॉम्प्टर एकदम जागी झाली, "आता विंगेतून काय सांगणार तिला!"

शेक्सपिअरचं हॅम्लेट आपण भराभर घेतलं, ते आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलंय त्यामुळे तुम्हाला आधीच माहीत होतं. तरी वेडी झालेली ऑफेलिया वाटते ती फुलं यादीत घेतलीच, कोणतं फूल कोणाला हे संहितेत लिहिलेलंच नाही, ते नटाने ठरवायचं. आणि तिचा भाऊ लाएर्टीस काय म्हणतो, तू शुद्धीत राहून सूड घे म्हणाली असतीस तरी इतका परिणाम झाला नसता. म्हणजे तिच्या शहाणपणापेक्षा तिचं वेड त्याच्या जास्त कामाचं. हे वाक्य मी पेपरात तसंच टाकलं.

शेक्सपिअरच्याच टायटस अँड्रॉनिकसच्या दिवशी आपण लवकर थांबलो. हात आणि जीभ कापलेली लाव्हिनिया तोंडात काठी धरून वाळूत नावं लिहिते, पुढे त्याच गुन्हेगारांचं रक्त गोळा करायला तुटक्या हातांमध्ये भांडं धरते, आणि शेवटी बापच तिला मारतो. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि यादीत भांडं लिहिलं नाहीत. तेही बरोबरच होतं काकू.

पेपर गेला. सर म्हणाले, हे नोट्समध्ये नाहीये, कुठून आणलंस? मी म्हटलं खालच्या मजल्यावरून.

आता पुढचं, 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी', १६०७ ला छापलेलं. त्यात हिरोची वाग्दत्त वधू नाटक सुरू व्हायच्या आधीच मेलेली असते, तो तिची कवटी सांभाळून ठेवतो, तिला नटवून तोंडाला विष लावतो आणि तिला मारणाऱ्या ड्यूककडून तिचं चुंबन घेववतो. म्हणजे यावेळी यादीत बाईच आहे. गुरुवारी संध्याकाळी येते, चहा मी करेन, कवटी कशाची बनवायची ते तुम्ही विचार करून ठेवा.