ध्रुवीय बर्फाच्या बातमीत बाष्पाला जागा द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरील बर्फ घटल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. आकडे नीट दिले होते, नकाशाही चांगला होता. पण कारण म्हणून ‘वाढते तापमान’ एवढे दोनच शब्द होते. माझी सारी नोकरी हवामान निरीक्षक म्हणून झाली. कोरड्या आणि ओल्या तापमापकांची नोंद घ्यायची, त्यांतल्या फरकावरून हवेतल्या बाष्पाचे प्रमाण काढायचे, हे रोजचे काम. एकट्या कोरड्या तापमापकावर विसंबून कोणी हवेविषयी निष्कर्ष काढला की मला राहवत नाही. ध्रुवांच्या बाबतीत तर अजिबातच नाही, म्हणून हे पत्र.

आधी तिथली हवा कशी असते ते पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावू शकते. शून्य अंशाला तिची क्षमता जेमतेम ५ ग्रॅम उरते आणि उणे ३० अंशांना अर्धा ग्रॅमही राहत नाही. त्यामुळे ध्रुवाजवळच्या केंद्राची सापेक्ष आर्द्रता (क्षमतेच्या किती टक्के बाष्प हवेत आहे, ते प्रमाण) ८०-९० टक्के दिसली, तरी प्रत्यक्षात ती हवा अत्यंत कोरडी असते. अशा हवेत थोडेसे बाष्प बाहेरून आले तरी त्याचा परिणाम मोठा होतो. दमट किनाऱ्यावर तेवढेच बाष्प वाढले, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हा परिणाम सर्वात ठळक दिसतो तो ध्रुवीय रात्रीत. सूर्य महिनोन् महिने क्षितिजाखाली असतो. समुद्र आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत राहतो आणि बर्फाचा थर खालच्या बाजूने जाड होत जातो. उष्णता किती वेगाने बाहेर पडणार, हे वर आकाश कसे आहे यावर ठरते. १९९७-९८ मध्ये ‘शेबा’ या संशोधन मोहिमेत ‘दे ग्रोसेलिए’ हे कॅनडाचे बर्फफोडे जहाज अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्राच्या बर्फात मुद्दाम अडकवून वर्षभर तसेच वाहू दिले होते. तिथल्या हिवाळी नोंदी दोनच गटांत पडल्या. निरभ्र आकाशाखाली पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४० वॅट उष्णता गमावत होता. द्रवरूप थेंबांचे ढग खाली उतरले की हा तोटा जवळजवळ शून्यावर येत होता. मधली स्थिती फारशी आढळलीच नाही. (उणे २० अंशांतही ढगात न गोठलेले पाणी टिकते, हे अनेकांना खरे वाटत नाही, पण ते टिकते, आणि अवरक्त किरण अडवण्यात ते हिमकणांपेक्षा कितीतरी प्रभावी असते.)

हे ४० वॅट किरकोळ वाटतील, म्हणून हिशेब करून पाहिला. दिवसभरात एका चौरस मीटरमागे साधारण ३५ लाख ज्यूल होतात. एक किलो पाणी गोठताना ३.३४ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे निरभ्र आकाशाखाली दिवसाला फार तर १० किलो पाणी गोठेल, थराच्या भाषेत सुमारे १ सेंटिमीटर. जाड बर्फातून उष्णता सावकाश वर येते, तिथे वाढ याहून बरीच कमी असते. पण नुकत्याच धरलेल्या पातळ बर्फाला हा हिशेब जवळपास लागू पडतो. अशा वेळी आठवडाभर ढगाळ राहिले, तर त्या आठवड्याची वाढ बहुतेक बुडालीच.

हे ढग ज्यापासून बनतात ते बाष्प येते कुठून? मुख्यतः दक्षिणेकडच्या उबदार महासागरांवरून, अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांतून, ज्यांना वातावरणीय नद्या म्हणतात. येताना ते अप्रकट उष्माही बरोबर आणते. एक किलो बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल बाहेर पडतात. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचा साडेसात किलो बर्फ वितळू शकतो. अर्थात ही उष्णता थेट बर्फावर पडत नाही. ती आधी वरच्या हवेला मिळते आणि तिचा काही भाग अवकाशात निघून जातो. तरी बर्फाला झळ लागतेच. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस ऐन ध्रुवीय रात्री ध्रुवाजवळचे तापमान शून्याच्या आसपास पोहोचले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तर टोकावरील केप मॉरिस जेसप केंद्रावर महिन्याभरात ६० हून अधिक तास शून्याच्या वर नोंदले गेले. त्या वेळी तिथे जे मोकळे पाणी दिसले, ते मात्र प्रामुख्याने वाऱ्याने बर्फ ढकलल्यामुळे. तो दोष बाष्पाच्या माथी मारू नये. एप्रिल २०२० मध्ये बर्फाबरोबर वाहणाऱ्या ‘पोलारश्टर्न’ या जर्मन जहाजावरील शास्त्रज्ञांनीही अशा दमट हवेचे लोट प्रत्यक्ष अनुभवले. रशियाच्या उत्तरेकडील बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवर हिवाळ्याच्या सुरुवातीला अशा नद्या आता अधिक वेळा पोहोचतात आणि नवा बर्फ धरण्याचा वेग मंदावतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे.

मात्र यावरून ‘बाष्प वाढले की बर्फ घटतो’ असे सरळ समीकरण कोणी मांडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेच बाष्प हिमवृष्टी होऊन बर्फावर पडते, तेव्हा ऋतू पाहावा लागतो. भुसभुशीत हिमातून उष्णता घट्ट बर्फाच्या मानाने सहा-सात पट कमी वाहते. म्हणून शरद ऋतूत पडलेले हिम पांघरुणासारखे काम करते आणि बर्फाची खालून होणारी वाढ रोखते. तेच हिम वसंतात टिकले, तर ८० टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परतवून बर्फाला वाचवते. त्याच दिवसांत हिमाऐवजी पाऊस पडला की पृष्ठभाग काळवंडतो आणि वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात. मोकळा समुद्र तर जेमतेम ७ टक्के प्रकाश परतवतो. अंटार्क्टिकाभोवती आणखीच वेगळे घडते. तिथे पातळ बर्फावर भरपूर हिम साठते, त्या वजनाने बर्फ पाण्याखाली दबतो, समुद्राचे पाणी वर येऊन हिमात मुरते आणि गोठते. अशा वेळी आभाळातले बाष्प बर्फाची जाडी वाढवते!

उत्तरेकडे मला सर्वात महत्त्वाचे वाटतात ते एप्रिल आणि मे हे महिने. त्या काळात दमट, ढगाळ हवा जास्त राहिली, तर वितळण्याला लवकर सुरुवात होते, डबकी लवकर तयार होतात आणि मग उन्हाळ्याचा सूर्य त्या काळ्या पाण्यात मुरत राहतो. सप्टेंबरमधला बर्फाचा नीचांक पुष्कळदा असा वसंतातच ठरू लागतो. बातम्या मात्र सप्टेंबरमध्ये येतात.

एक गैरसमजही दूर करायला हवा. बाष्प हा सर्वात प्रभावी हरितगृह वायू आहे, मग कार्बन डायऑक्साइडला दोष कशाला, असे काही जण विचारतात. बाष्प हवेत सरासरी नऊ-दहा दिवस टिकते आणि पाऊस किंवा हिम होऊन खाली येते. हवेत ते किती राहणार हे तापमान ठरवते, तापमान एक अंशाने वाढले की सुमारे ७ टक्के जास्त. शतकानुशतके हवेत राहून ते तापमान वाढवतो तो कार्बन डायऑक्साइड. बाष्प त्या वाढीला जोर देते. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियसने १८९६ मध्ये हातानेच आकडेमोड करून हा दुहेरी परिणाम मांडला होता.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड या ध्रुवीय द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद येथे भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळी मोहिमेवरही तिथे जाऊ लागले आहेत. ध्रुवीय रात्र ते स्वतः पाहतात. त्यांच्याशी बोलून एक सविस्तर लेख द्यावा. निरभ्र रात्री आणि ढगाखाली त्यांच्या उपकरणांवरील नोंदी किती बदलतात, एवढे विचारले तरी पुष्कळ हाती लागेल. आणि यापुढे सप्टेंबरचा आकडा छापताना त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या हवेत सरासरीपेक्षा बाष्प जास्त होते की कमी, ही एक ओळ तरी त्याखाली असावी. उपग्रहांच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक