मेडिकलवाल्या दादांचे आणि मेकॅनिकभाऊंचे आभार

गौरी यायच्या आदल्या रात्री फ्रिज बंद पडला. दूध-भाजी गेली तरी चाललं असतं, पण आत आईचं इन्सुलिन होतं. वापरातलं इन्सुलिनचं इंजेक्शन-पेन बाहेर राहतं. न उघडलेली मात्र 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागतात. नौपाड्यातल्या मेडिकलचं शटर अर्धं खाली आलेलं. दादांनी ते परत वर केलं, प्रत्येक पेनावर आईच्या नावाची पट्टी चिकटवली, आपल्या फ्रिजमध्ये जागा केली. वर विचारलं, "काकूंची रात्रीची सोय आहे ना?" ऐन सणात एवढं कोण बघतं!

सकाळी मेकॅनिकही आला. कंप्रेसरचा रिले जळला होता, तो बदलला आणि फ्रिजखाली साचलेलं पाणी न सांगता पुसून गेला.

दादा, भाऊ, आईकडून आणि आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार.